शेजारी कोन हाय?

उजव्या हाताची बोटं मिटून तो टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक करायचा, मान जराशी डावीकडे कलती करायचा आणि विचारायचा, "शेजारी कोन हाय?"

तुम्ही पहिल्यांदा ऐकलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हा खिडकीसमोरच्या पेशंटला विचारतोय. तसं तो पेशंटलाही विचारायचा. पण बहुतेक वेळा प्रश्न समोरच्या कॉम्प्युटरला असायचा आणि कॉम्प्युटर गप्प असायचा. मग पुन्हा टकटक. दिवसभर ती ऐकून माझं डोकं उठायचं. आता ती ऐकू येत नाही, तरी संध्याकाळी डोकं उठलेलंच असतं, म्हणजे दोष टकटकीचा नव्हता.

बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. एकीत मी, दुसरीत तो, मधे एक लाकडी फळी. काम दोघांचं एकच. आलेल्या माणसाला नाव, गाव, वय, सोबत कोण आलंय आणि काय दुखतंय ते विचारायचं, कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि केसपेपर हातात द्यायचा. सोमवारी तर खिडकीत माणसं दिसायची नाहीत, नुसते हात दिसायचे. हे काम करून करून माणूस असा होतो की घरी पाहुणा आला तरी आधी वय विचारतो. मी तसा झालो होतो. तो झाला नव्हता, याचं मला नवल वाटायचं आणि कधी कधी रागही यायचा.

तो आंधळा होता. "ल्हानपनी गोवर आला आन जाताना नजर घिऊन गेला," एवढंच तो त्याबद्दल सांगायचा आणि विषय बदलायचा. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर भस्म आणि एका कानात कायम इअरफोन. त्या इअरफोनमध्ये कॉम्प्युटर त्याला पडद्यावरचं वाचून दाखवायचा. दुसरा कान लोकांसाठी मोकळा. लोकांना हे पटायचं नाही. रोज कुणीतरी त्याच्या चष्म्यासमोर हात हलवून बघायचं. तो टायपिंग न थांबवता म्हणायचा, "हात नका हलवू मामा, वारं लागतंय." मामा ओशाळून हात खाली घ्यायचे.

मला तो 'शेजारी' म्हणायचा. माझं नाव त्याला माहीत होतं, पण फळीच्या पलीकडे बसतो तो शेजारी, असा त्याचा हिशोब. "कावून बे शेजारी, आज तोंड बंद हाय? घरी भांडन झालं का?" बहुधा झालेलं असायचं.

पेशंटला तो नावावरून ओळखायचा नाही. नावावर त्याचा विश्वासच नव्हता. आमच्याकडे एकाच गावच्या, एकाच नावाआडनावाच्या बायका येतात आणि वय विचारलं की सगळ्या "साठ लिवा" म्हणतात. मी अशा वेळी वैतागायचो. तो टकटक करून विचारायचा, "आजी, माहेर कुठलं तुमचं?" मग आजी कंबरदुखी विसरून माहेराचं सांगत बसायच्या. भाऊ किती, विहीर कुठल्या अंगाला, भावजय कशी बोलते. मागची रांग कुरकुरायची. पण पालीच्या दोन सुमनबाईंचे केसपेपर त्यानं कधी एकमेकींच्या हातात जाऊ दिले नाहीत. एक तेलगावची लेक, दुसरी दिंद्रुडची, एवढं त्याला पुरायचं.

"सोयरीक करताना पोराचं नाव कोन बघतंय बे?" तो मला म्हणायचा. "मामा कोन, ते बघत्यात."

आता थोडं त्या पडद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्याची टकटक तुम्हाला कळायची नाही. डोळस माणसाला 'रुग्णाचे नाव' असं लिहिलेलं दिसतं, तो त्याच्या पुढच्या रकान्यात नाव टाकतो, संपलं. पण आमचं सॉफ्टवेअर ज्यांनी केलं त्यांनी रकाना आणि त्याच्या शेजारचे शब्द यांची आतून गाठच मारलेली नव्हती. डोळ्यांना ते शेजारी दिसायचे, कॉम्प्युटरच्या लेखी त्यांची ओळखदेख नव्हती. त्यामुळे कुठल्याही रकान्यात गेलं तरी त्याच्या कानात एकच आवाज, "एडिट, ब्लँक." म्हणजे लिहायची जागा, रिकामी. नावाचा रकाना, एडिट ब्लँक. गावाचा, एडिट ब्लँक. "बेडूक बरा," तो म्हणायचा. "पाऊस तरी येतोय म्हनून सांगतो."

मग त्यानं स्वतःच स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना, हे मलाही त्याच्याकडूनच कळलं. तो संभाजीनगरच्या अंधशाळेत शिकला होता, पुढे पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. त्याच्या स्क्रिप्टमुळे एक बटण दाबलं की तो थेट नावाच्या रकान्यात जायचा, दुसरं दाबलं की गावाच्या. रकान्याला तो 'डबा' म्हणायचा, कारण तो किराणा दुकानदाराचा मुलगा. नावाचा डबा, गावाचा डबा, दुखन्याचा डबा.

स्क्रिप्टला डबा सापडायचा तो नंबरावरून. आणि सगळी गोम त्या नंबरात होती. पडद्यावर दिसणारं हे पान काही एकसंध नसतं. पेशंटचा तुकडा, नातेवाइकाचा तुकडा, पत्त्याचा तुकडा, असे तुकडे जोडून ते दर वेळी नव्यानं उभं राहतं, आणि तुकडे ज्या क्रमानं उभे राहतात त्या क्रमानं त्यांच्यातल्या रकान्यांना आपोआप नंबर वाटले जातात. आमच्या ओपीडीच्या टोकनासारखं म्हणा. काल सत्तेचाळीस नंबर ज्या बाईच्या हातात होता, आज तोच नंबर भलत्याच्या हातात असतो. कालच्या टोकनावरून आज कुणी पेशंट शोधत नाही. पण पान महिनोन्महिने त्याच क्रमानं उभं राहत होतं, नंबर तेच येत होते, आणि गडी निर्धास्त झाला होता.

एका सोमवारी पुण्याहून सॉफ्टवेअरचा अपडेट आला. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची पद्धतही नव्हती. मला पडद्यावर काहीच फरक दिसला नाही. रकाने होते तिथंच होते. पण आतल्या आत नातेवाइकाचा तुकडा पेशंटच्या तुकड्याआधी उभा राहायला लागला होता, आणि नंबर उलटे पडले होते. त्यातून गर्दीत वेळ वाचावा म्हणून भरलेलं परत वाचून दाखवणं त्यानं बंद करून ठेवलं होतं. ती त्याचीच चूक, आणि ती त्यानं कधी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही.

त्या सकाळी त्याच्या खिडकीतून जो गेला, तो उलटा गेला. आजारी माणूस सोबत्याच्या जागी, सोबती आजाऱ्याच्या जागी. तेलगावचे एक गृहस्थ पोटुशी सून घेऊन आले होते. चांगल्या पिळदार मिशा, हातात काठी. सिस्टरनं माइकवरून त्यांचं नाव पुकारलं आणि भरपूर पाणी पिऊन सोनोग्राफीला आत या म्हणून सांगितलं. दवाखान्यात आलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही. ते बिचारे नळावर गेले, तांब्याभर पाणी प्यायले आणि आत जाऊन उभे राहिले.

सगळा दवाखाना हसला. मी तर फळीवर डोकं टेकून हसलो. तेलगावकरही हसले, "सूनबाईचं म्हनून मीच उरकून घेतो की," म्हणाले. फक्त तो हसला नाही. इअरफोन काढून हातात धरून बसला होता. मी म्हटलं, "चल बे, चहा घेऊ. होतं असं."

"झालं हाय याच्या आधी बी," तो म्हणाला.

मग टपरीवर उभं राहून त्यानं दिंद्रुडच्या दुकानाचं सांगितलं. ते दुकान त्याच्या वडिलांचं, गिरणीला लागून. हा आंधळा म्हणून वडिलांनी एक नेम केला होता, दुकानातला एकही डबा जागचा हलवायचा नाही. गूळ, त्याच्या उजवीकडे खोबरं, खोबऱ्याच्या खाली मीठ. गिऱ्हाइकंसुद्धा हाताळलेली वस्तू जिथल्या तिथं ठेवायची. त्यामुळे कोर्स करून आल्यावर हा गल्ल्यामागे बसून एकटा दुकान चालवायचा. मोठ्या भावाचं लग्न झालं, नवी वहिनी घरात आली. तिला कुणी सांगायचं विसरलं. पहिल्या दिवाळीला तिनं हौसेनं दुकान झाडून काढलं, डबे घासले आणि दिसायला छान दिसावे म्हणून उंचीप्रमाणे लावले. कागदात बांधलेली मिठाची पुडकी आणि धुण्याच्या सोड्याची पुडकी, दोन्ही एकाच आकाराची, त्यांची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी एका लग्नघरचा माणूस मीठ घ्यायला आला.

"आख्ख्या वरनात सोडा," तो म्हणाला. "पंगत उपाशी उठली. कोनी मेलं न्हाई, नशीब. बाप मला एक शब्द बोल्ला न्हाई. वैनीला बी न्हाई. सकाळी दुकानात गेलतो तर माझं स्टूल गल्ल्याच्या भायेर ठिवलेलं. आपल्याच दुकानात मी गिऱ्हाईक झालो, शेजारी."

मी त्याचा कप परत देऊन आलो.

आमचे व्यवस्थापक, त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी त्याला खोलीत बोलावलं, मलाही सोबत बोलावलं. म्हणाले, हसण्यावारी गेलं म्हणून बरं, उद्या भलत्याच माणसाला सुई टोचली तर काय. तुम्ही असं करा, चौकशीच्या टेबलाशी निवांत बसा. काही करू नका. पगार चालू राहील.

"साहेब," तो म्हणाला, "बसून ऱ्हायला मी काय देवळातला नंदी हाय? त्याच्या बी कानात लोक काहीबाही सांगत्यात. माझ्या कानात कोन काय सांगनार?"

शेवटी पुढच्या अपडेटपर्यंत मुदत मिळाली. तेव्हा खिडकी अडली किंवा चुकली, तर मात्र चौकशीचं टेबल. खोलीबाहेर आल्यावर त्यानं भिंतीवर टकटक केली, जिना कुठं आहे ते अंदाजलं आणि म्हणाला, "पुन्यांदा स्टुलावर बसनार न्हाई, शेजारी." त्याला नोकरीची नव्हे, त्या खुर्चीची पडली होती. खुर्चीत बसून काम करणारा माणूस म्हणून लोकांनी त्याच्याशी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग दुपारी गर्दी ओसरली की आमचं दुसरं काम सुरू व्हायचं. तो स्क्रिप्ट नव्यानं लिहायचा आणि मी त्याचे डोळे व्हायचो. खरं सांगायचं तर मला ते नको असायचं. जेवण झालेलं असायचं, पंखा गरम वारा टाकायचा, आणि हा फळीवर टकटक करायचा.

"ह्या डब्याच्या शेजारी कोन हाय?"

"नाव."

"नुसतं नाव? कुनाचं?"

"नुसतं 'नाव' लिहिलंय."

"आन नातेवाइकाच्या डब्यापाशी?"

"तिथंही 'नाव'च."

"बघ. दोन सुमनबाया झाल्या. माहेर बघ दोघींचं. वरती मथळा काय हाय?"

मी वर बघायचो. एका तुकड्याचा मथळा 'रुग्णाची माहिती', दुसऱ्याचा 'सोबतची व्यक्ती'. मग तो लिहायचा. आधी 'रुग्णाची माहिती' हा मथळा शोध. त्या तुकड्याच्या बाहेर जाऊ नको. त्याच्या आत 'नाव' हा शब्द शोध. त्या शब्दाच्या लगत जो डबा असेल तो आपला. नंबर काही का असेना, त्याच्याकडे बघायचंच नाही. कितवा आहे हेही मोजायचं नाही, कारण मधे कुणी नवा येऊन बसला की मोजणी फसते. आणि शेवटी त्यानं एक कडक नेम घातला. डबा सापडला तरी त्यात काही टाकण्याआधी त्याचं नाव, मथळा, शेजार, सगळं पुन्हा तपासायचं. एक जरी खूण जुळली नाही तर हात लावायचा नाही, फक्त कानात सांगायचं, "ओळख पटंना." हे वाक्य त्यानं स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलं होतं. त्याच्या इअरफोनमधून त्याचाच आवाज आल्यावर तो खूश झाला. "आता कोनतरी मानूस बोलाया लागला," म्हणाला.

दुसरीकडे पुण्याला फोन चालू होते. कंपनीतली एक मुलगी फोनवर असायची. तिच्याकडे त्याची मागणी एकच. "ताई, परतेक डब्याला एक कायमचं नाव द्या. पडद्यावर दिसलं न्हाई तरी चालंल, पोटात असू द्या. जागा बदला, रंग बदला, नंबर बदला. तेवढं नाव हलवू नका. आन शब्दाची आन डब्याची गाठ मारा."

"पुढच्या व्हर्जनमध्ये बघते, काका," ती म्हणायची. आवाजावरून दमलेली वाटायची. आम्हीही दमलेले असायचो. दोन्हीकडून दमलेली माणसं एकमेकांना पुढच्या व्हर्जनचे वायदे देत होती. एकदा ती म्हणाली, "काका, माझ्या हातात नाहीये हे."

"मग तुज्या शेजारी कोन हाय?" तो म्हणाला. "त्याला दे फोन."

ती हसली. फोन तिनं कुणाला दिला नाही, पण मागणी लिहून घेतली आणि पुन्हा पाठवते म्हणाली.

पुढचा अपडेट आला तोही सोमवारीच. या वेळी पडदा मलाही ओळखू आला नाही. मथळे गेले, सगळीकडे छोटी छोटी चित्रं आली. मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी शब्द आले, तेही रकान्याच्या आत फिक्या रंगात. तुकड्यांची मोडतोड करून नवे तुकडे केलेले. मला डोळे आहेत म्हणून मी चाचपडत का होईना भरायला लागलो. फळीपलीकडून टकटक ऐकू आली. मग पुन्हा. मग बराच वेळ काहीच नाही.

मी वाकून बघितलं. इअरफोनचा आवाज त्यानं मोठा केला होता, मला इथपर्यंत ऐकू येत होता. "ओळख पटंना. ओळख पटंना. ओळख पटंना." त्याचाच आवाज, दर रकान्याला.

"सगळी आळीच उठून गेली रं," तो म्हणाला.

समोर रांग वाढत होती. कुणीतरी कडेवरच्या रडणाऱ्या लेकराला थोपटत होतं, कुणी खिडकीवर नाणं वाजवत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "हे बघ, आजच्यापुरतं नंबरावर भर. तू शिकवलंस तसे मी पानाच्या पोटातले नंबर वाचून सांगतो. दहा मिनिटांत लागेल. साहेब यायच्या आत."

त्यानं मान हलवली.

"नंबर पान उघडल्यावर बदलत असलं तर? मंग?"

"नसेल बदलत. एक दिवस काढ."

"न्हाई शेजारी. येकदा मिठाच्या जागी सोडा दिलाय. येकदा सासऱ्याला सोनोग्राफीला धाडलंय. आता लेकरू हाय कुनाचं तरी रांगेत, आवाज येतोय मला."

त्यानं इअरफोन काढला, वायर बोटाभोवती गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आणि समोरच्या बाईला म्हणाला, "माय, पलीकडच्या खिडकीला जा. ही बंद हाय." मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोललो नाही. राग त्याचा नव्हता, हे तेव्हाही कळत होतं. पण पुण्याला कुणावर रागवायचं, चेहरा कुठं माहीत होता.

साहेब आले, बघितलं आणि परत खोलीत गेले. बोलायचं आधीच ठरलेलं होतं. तो चौकशीच्या टेबलाशी दोन-तीन आठवडे बसला. लोक येऊन संडास कुठं आहे विचारायचे. तो सांगायचा. एके दिवशी संध्याकाळी फळीपाशी येऊन म्हणाला, "जातो शेजारी," आणि मी म्हटलं, "ये." मला वाटलं घरी निघालाय. तो कायमचा निघाला होता. दिंद्रुडला गेला.

त्याच्या खिडकीत दवाखान्यानं एक मशीन आणून बसवलं. काचेला बोट लावायचं, चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर नंबर. लोकांना बोट कुठं लावायचं ते कळत नाही, मग ते माझ्या खिडकीशी येऊन विचारतात. माझं काम दीडपट झालं.

बऱ्याच महिन्यांनी पुण्याच्या त्या मुलीचा फोन आला. "काका आहेत का?" म्हणाली. मी म्हटलं, नाहीत, गेले सोडून. ती म्हणाली, "त्यांना सांगाल का? नावं दिलीत सगळ्या रकान्यांना. कायमची. लेबलंही बांधली. आजच्या अपडेटमध्ये आहे."

मी मशीनखालच्या त्याच्या टेबलाचा खण उघडला. इअरफोन तसाच होता. मी तो माझ्या कॉम्प्युटरला लावला, वाचून दाखवायचा आवाज चालू केला आणि टॅबचं बटण दाबलं. "रुग्णाचे नाव," कानात आवाज आला. पुन्हा दाबलं. "गाव." पुन्हा दाबलं. "वय." मी नुसता टॅब दाबत बसलो. रांग कुरकुरायला लागली. मी कुरकुरू दिली.

त्या रविवारी परळीच्या गाडीत बसून मी दिंद्रुडला गेलो. दुकान शोधायला त्रास पडला नाही, त्याच्या तऱ्हेनं विचारलं, की गिरणीच्या शेजारी कोण, आणि लोकांनी दाखवलं. मी पायरी चढण्याआधीच आतून आवाज आला, "चप्पल घासत चालायची सवय गेली न्हाई बे तुजी."

तो गल्ल्यामागे बसला होता. वडील वारले होते, भाऊ मालाच्या खरेदीला बाहेर गेला होता. वहिनी, त्याच त्या, आता केस पिकलेल्या, पदर खोचून आत धान्य निवडत होत्या. त्यांनी चहा आणला आणि कप नेमका त्याच्या उजव्या हाताशी, गल्ल्याच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवला. मला म्हणाल्या, "भाऊजी आल्यापास्नं मी दुकान झाडते, पन डबं हलवत न्हाई. दिवाळीला बी न्हाई. फडकं सुद्दा इचारून उचलते." एवढं बोलून त्या आत गेल्या.

गल्ल्याच्या बाहेर एक जुनं स्टूल होतं. मी त्यावर बसलो आणि त्याला पुण्याचा निरोप सांगितला. डब्यांना नावं मिळाली, गाठी मारल्या, मी कानानं ऐकून आलो, म्हटलं. तो मान कलती करून ऐकत होता.

"गावाचा डबा काय म्हनतो?"

"गाव म्हणतो."

"आन नातेवाइकाचा?"

"सोबतच्या व्यक्तीचे नाव. पूर्ण म्हणतो."

"उशीर केला पोरीनं," तो म्हणाला. "पन केलं. तिला सांग, मी चांगला हाय म्हनून." मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुज्या शेजारी आता कोन हाय?"

मला हा प्रश्न नको होता. "मशीन आहे," मी म्हटलं.

"बोलतंय का?"

"नाही. नंबर देतंय."

तो हसला. हसता हसता चष्मा काढून त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा घातला. तेवढ्यात एक बाई मीठ मागायला आली. तो उठला. त्याचा हात आधी गुळाच्या डब्यावर गेला, तिथून उजवीकडे खोबऱ्याच्या डब्यावर, तिथून खाली. पुडकं उचलून त्यानं नाकाशी धरलं, बोटानं कागदाचा कोपरा उकलून चिमूटभर जिभेवर टेकवलं आणि मगच बाईच्या हातात दिलं. बाईला त्यात काही नवीन नव्हतं. ती मीठ घेऊन गेली.

मला हे सगळं बघून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं. त्याची जागा त्याला मिळाली होती. माझ्या फळीपलीकडची मात्र गेली ती गेलीच, आणि त्याबद्दल बोलायला माझ्याकडे तोच एक माणूस होता. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. येतो म्हटलं. तो "ये" म्हणाला.

मी पायरी उतरून चार पावलं गेलो असेन. मागे लाकडावर दोनदा टकटक झाली.

"शेजारी कोन हाय?"

मी थांबलो. उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. पण माझ्याआधी आतून वहिनींचा आवाज आला.

"मी हाय, भाऊजी."